‘उडवा’ म्हणणारा कप्तान

आधी सगळे त्याला ‘कप्तान’ म्हणायचे. त्या एका दुपारनंतर ‘उडवा’ म्हणायला लागले. दुकानाच्या पायरीवर त्याने पाय ठेवला की आतून कुणीतरी हळूच म्हणायचं, “आले बघा, उडवा आले.” तो वळून बघायचा नाही. वळलो तर नाव चिकटेल, असं त्याला वाटायचं. ते तसंही चिकटलंच.

बाटल्यांच्या कारखान्यात तो भट्टीवर होता. वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात पडायचा, आत हवा भरली जायची आणि लालभडक बाटली पट्ट्यावर उभी राहायची. मानेला तडा गेलेली बाटली लांब चिमट्याने उचलून बाजूला टाकायची, हे त्याचं काम. दिवसभर आगीकडे बघून डोळे कायम तांबारलेले, बाह्यांवर जळाल्याची भोकं. त्याचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, पॅकिंगला. भट्टीवर त्याला कुणी घेतलं नाही, कारण तो एका जागी उभाच राहायचा नाही. खोकी रचता रचता एखाद्या रिकाम्या खोक्याला लाथ घालायचा आणि ते बरोब्बर ढिगाऱ्याच्या टोकावर जाऊन बसायचं. मुकादम शिव्या द्यायचा आणि मग म्हणायचा, “अजून एकदा कर बघू.”

दोघं भाऊ कारखान्याच्या संघातून फुटबॉल खेळायचे. थोरला मागे, बचावाला, आणि कप्तान. धाकटा पुढे.

देशाचा जो मोठा चषक होता त्याचं वेड दोघांना वडिलांनी लावलं. वडील आयुष्यभर त्या स्पर्धेत खेळले आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत हरले. पण जेवायला बसले की त्या चषकाचा इतिहास असा सांगायचे, जणू तो यांच्याच घरात ठेवलेला आहे. ही स्पर्धाच मुळी रुसव्यातून जन्मली, ते सांगत. राजधानीतले जुने क्लब आपसातच खेळायचे. हाताला काळं लागलेल्या माणसाला मैदानात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मग रेल्वेच्या कारखान्यातले, गिरण्यांमधले, गोदीतले लोक एकत्र आले आणि म्हणाले, तुमचं तुम्हाला लखलाभ, आम्ही आमची स्पर्धा काढतो. कुणीही यावं. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. पहिला चषक रेल्वेच्या फिटरांनी पितळेतून ठोकून काढला होता. त्याचा एक कान वर आणि एक खाली होता म्हणे. पुढे गर्दी बघून मोठ्या क्लबांच्याही तोंडाला पाणी सुटलं, तेही आले आणि येताना चांदीचा चषक घेऊन आले. वाकड्या कानांचा पितळी चषक कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही.

सामना बरोबरीत सुटला की पुन्हा खेळायचा. पुन्हा बरोबरी, पुन्हा खेळायचा. एकदा तर दोन संघ असे काही एकमेकांना भिडले की पुढच्या वर्षीची स्पर्धा तोंडावर आली तरी आदल्या वर्षीचा विजेता ठरेना. तेव्हा महासंघाने नियम केला: दोन फेरसामने, आणि तरीही बरोबरी राहिली तर नाणेफेक.

“नाण्यावर सामना?” धाकट्याने लहानपणी विचारलं होतं.

“तिथवर जाऊच नये माणसानं,” वडील म्हणाले होते. “त्याच्या आधी गोल मारावा.”

वडील गेल्यावर काही वर्षांनी कारखान्याचा संघ अचानक जिंकत सुटला. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिली फेरी, दुसरी फेरी, मग चिखलात घोटा घोटा रुतत राजधानीच्या एका बड्या क्लबाला हरवलं. तो गोल धाकट्याचा. त्या दिवसापासून गावात धाकट्याला कुणी चहाचे पैसे देऊ देईना. आणि खरी गोष्ट अशी, की त्या बड्या क्लबाच्या माणसाने सामन्यानंतर धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “अंतिम सामन्याला आमचे सगळे लोक येतील. तिथे असाच खेळ, मग बोलू.” धाकट्याने हे फक्त थोरल्याला सांगितलं. सांगताना तो हसत नव्हता. नेहमी हसणारा पोरगा, पण तेव्हा त्याचं तोंड कोरडं पडलं होतं.

उपांत्य सामना बंदरावरच्या संघाशी पडला. बरोबरी. फेरसामना, बरोबरी. शेवटचा फेरसामना तिसऱ्याच गावातल्या मैदानावर ठेवला. कारखान्यातून माणसं ट्रकच्या हौद्यात उभी राहून आली. आईसुद्धा आली होती, थोरल्याच्या बायकोचा हात धरून. धाकट्याने गोल मारला, बंदरवाल्यांनी फेडला. जादा वेळेत दोन्हीकडची पोरं गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायला लागली. शिट्टी वाजली तेव्हा धाकटा होता तिथेच खाली बसला.

रेफ्रीने दोन्ही कप्तानांना आपल्या खोलीत बोलावलं. अरुंद खोली. एक बाक, एक लोखंडी कपाट, भिंतीतून गेलेला पाण्याचा नळ. बाहेर बोळात दोन्ही संघ दाटीवाटीने उभे. दार नीट लागत नव्हतं, ते अर्धवट उघडंच राहिलं.

“बोला,” रेफ्री म्हणाला आणि नाणं उडवलं.

“काटा,” थोरला म्हणाला.

नाणं रेफ्रीच्या बोटांना लागलं, जमिनीवर पडलं, घरंगळत बाकाखाली गेलं. तिघंही वाकले. नाणं भिंतीला टेकून उभं होतं. अगदी ताठ नाही, जरासं कललेलं. आणि कललेल्या अंगावर, वरच्या बाजूला, काटा दिसत होता.

बंदराचा कप्तान नाण्याकडे बघत होता, मग याच्याकडे बघायला लागला. तोही दिवसभर उन्हात राबणारा माणूस होता, ओठ फुटलेले होते. रेफ्रीने घसा खाकरला.

“पडलेलं म्हणावं की उभं?” तो म्हणाला. “काट्याकडे कल आहे खरा. पण टेकलंय. तुम्हीच सांगा कप्तान. हेच धरू, की पुन्हा उडवू?”

त्या घटकेला आपल्या मनात काय आलं ते पुढे त्याला किती आठवूनही नीट सांगता आलं नाही. चेंडू रेषेवर थांबला तर तो गोल नाही, हे त्याने जन्मभर रेफ्रींशी भांडून मांडलं होतं. तेच कदाचित तोंडात आलं असेल. कदाचित समोरच्याच्या फुटलेल्या ओठांकडे बघवलं नसेल.

“उडवा,” तो म्हणाला.

रेफ्रीने पुन्हा उडवलं. त्याने पुन्हा काटा मागितला. छापा पडला.

बंदरवाल्या कप्तानाने त्याचा हात हातात घेतला, पण मान वर केली नाही. बाहेर आरडाओरडा झाला तो बंदरवाल्यांचा. थोरला दारातून बाहेर आला तेव्हा सगळ्यात पुढे, चौकटीला खांदा लावून, धाकटा उभा होता.

बसमध्ये कुणीतरी विचारलं, “काय झालं रे आत?” त्याने जे झालं ते सांगितलं. बाकाखालचं, भिंतीचं, कललेल्या काट्याचं, सगळं. सांगून संपल्यावर गोलकीपर म्हणाला, “म्हणजे आपण जिंकलो होतो.”

“सांगायची काय गरज होती?” बायको घरी म्हणाली. “हरलो म्हणायचं, गप्प बसायचं.”

“त्यांच्याबरोबर रोज काम करायचंय मला.”

“म्हणूनच म्हणते.”

तिचं बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावरच ‘उडवा’ सुरू झालं. साच्यावरचा माणूस त्याच्याकडे बघून हवेत अंगठा उडवायचा. कुणीतरी घराच्या दारावर बाटली फोडली. आईने काहीही न बोलता काचा गोळा केल्या. भट्टीवरच्या बाटल्या ओळखता येतात; ती त्याच्याच पाळीतली होती.

धाकटा मात्र काहीच म्हणाला नाही. त्याच घरात राहायचा, त्याच पंगतीला जेवायचा, मीठ हवं असलं तर आईकडे मागायचा. त्या चिमुकल्या घरात दोन भावांना एकमेकांना न ओलांडता वावरता येणं ही सोपी गोष्ट नव्हती. पण त्यांनी ती जमवली.

बंदराच्या संघाने अंतिम सामना जिंकला. बड्या क्लबाची माणसं तिथे आली होती आणि त्यांनी बंदराचाच एक पोरगा उचलला.

नाणेफेकीची गोष्ट हळूहळू वर्तमानपत्रांत गेली. रेफ्रीनेच ती कुणाजवळ तरी सांगितली. मग लेख आले, अग्रलेख आले. घाम गाळून खेळायचं आणि निकाल नाण्यावर लावायचा, ही काय रीत झाली? शेवटी महासंघाने नियम बदलला: यापुढे बरोबरी झाली तर पेनल्टी. ज्याचा पाय चालेल तो जिंकेल. आणि पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्याला महासंघाने कप्तानाला बोलावलं. खिलाडूवृत्तीबद्दल मानपत्र.

तो जाणार नव्हता. बायको म्हणाली, “जा. एवढं सोसलंत, त्यातलं काहीतरी चांगलं पदरात पडू दे.”

गेला. मैदानाच्या मधोमध, टेबलावर चांदीचा चषक, त्याच्या शेजारी तो, उसन्या कोटात. भोंग्यावरून त्याची गोष्ट सांगितली गेली आणि अख्खं मैदान उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला छाती भरून श्वास घेता आला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. तो हसला, हात वर केला.

घरी आला तर धाकटा पिशवी भरत होता. आई दारात बसलेली.

“कुठे निघालास?”

वर्षभरात भावाने त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. “रेडिओवर ऐकल्या टाळ्या,” तो म्हणाला. “माझ्या पायांवर तुला टाळ्या मिळाल्या, दादा. अजून मिळव.”

“अरे, मी काय मागायला गेलो होतो का?”

“गेलास ना पण. उसना कोट घालून गेलास.”

धाकट्याने आईच्या पायाला हात लावला आणि तिला ओलांडून निघून गेला. मानपत्र बायकोने ट्रंकेच्या तळाशी, जुन्या रजईखाली घातलं. ते काढावंसं पुन्हा कुणाला वाटलं नाही.

धाकटा लांबच्या शहरात रस्त्यांच्या कामावर लागला. डांबराच्या गाडीमागे चालायचं काम. खेळला, पण लहानसहान संघांतून, आणि गुडघा गेल्यावर तेही सुटलं. लग्न केलं, थोरल्याला बोलावलं नाही. इकडे कारखान्याने संघ बंद केला. गोलपोस्ट काढले, मैदानावर रिकाम्या खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. पुढे पुढे गावात फुटबॉल खेळलेली माणसं कमी आणि ‘उडवा’ म्हणणारी जास्त झाली. नाव का पडलं हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हतं.

दोन घरांमध्ये येजा राहिली ती फक्त आईची. काही महिने इकडे, काही महिने तिकडे. इकडे आली की बूड टेकायच्या आत म्हणायची, “धाकटा विचारत होता, दादाचे डोळे कसे आहेत म्हणून.”

“बरे आहेत म्हणावं.”

“औषध घाल म्हणाला वेळच्या वेळी.”

तो हं म्हणायचा आणि त्या दिवशी औषध घालायचा. कधी ती लोकरीचा गळपट्टा आणायची. “रंग त्यानेच निवडला. म्हणाला, दादाला करडा शोभतो.” तो गळपट्टा फाटेपर्यंत त्याने वापरला. मनात यायचं, एवढं विचारतोय तर आपणच पत्र टाकावं. मग वाटायचं, त्याला यायचं असतं तर तो आला असता. निरोपांवर भागत होतं. निरोपांवर भागत होतं म्हणूनच कुणी हलत नव्हतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

आई थोरल्याकडे असतानाच गेली. थंडी वाजते म्हणाली, पांघरूण घेतलं, आणि दुपारच्या चहाला उठवायला गेले तर उठली नाही.

धाकटा आला. केस पांढरे, एक पाय टाकताना जरा थांबणारा. दोघांनी मिळून आईला खांदा दिला. उंचीत फरक होता म्हणून थोरल्याला वाकून चालावं लागलं, तेवढाच काय तो दोघांत संबंध आला. नातेवाईक पांगले, संध्याकाळ व्हायच्या आत घर रिकामं झालं. थोरला मागच्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने धाकटाही आला आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून बसला.

“गुडघ्याचं तेल चांगलं होतं,” धाकटा म्हणाला. “तू पाठवायचास ते.”

“कुठलं तेल?”

“आईबरोबर. दरवेळी. दादाने मुद्दाम आणलंय म्हणायची.”

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. “मी तेल नाही पाठवलं कधी.”

धाकटा त्याच्याकडे वळला.

“माझ्या डोळ्यांचं तू विचारायचास ना?” थोरल्याने विचारलं. “करडा गळपट्टा?”

“नाही,” धाकटा हळूच म्हणाला. “मी तुझं नावही काढत नव्हतो.”

आतून थोरल्याची बायको चहा घेऊन येत होती, तिने ऐकलं. पेले दोघांच्या मधल्या जागेत आपटून ठेवले. “दोघांनी मिळून त्या बाईला म्हातारपणी टपालखात्यात नोकरी लावलीत,” ती म्हणाली. “आणि पत्रंही तिलाच लिहायला लावलीत.” पदराने तोंड पुसत ती आत गेली.

चहा निवत गेला. थोरल्याला वाटलं, आत्ता बोललो नाही तर आता निरोप न्यायलाही कुणी नाही.

“तुझं नुकसान झालं,” तो म्हणाला. “मला ठाऊक आहे. पण नाणं पडलं नव्हतं रे. मी खोटं कसं बोलणार होतो?”

“खोटं बोल असं कोण म्हणतंय?” धाकट्याचा आवाज चढला. “मी दारात उभा होतो, दादा. हाताच्या अंतरावर. अख्खा संघ बोळात होता. रेफ्रीने विचारलं आणि तू मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस. माझं सगळं त्या नाण्यावर होतं. तुला माहीत होतं, तुला एकट्यालाच माहीत होतं. एकदा माझ्याकडे बघितलं असतंस तरी चाललं असतं.”

इतकी वर्षं थोरला स्वतःला एकच गोष्ट सांगत आला होता: आपण खरेपणाने वागलो, त्याची शिक्षा भोगतोय. त्यात कडूपणा होता आणि त्या कडूपणात थोडा मोठेपणाही होता. त्यावरच तो उभा होता. दारात कोण उभं होतं, हा प्रश्न त्याने स्वतःला एकदाही घातला नव्हता.

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?” त्याने विचारलं.

धाकट्याने गुडघा चोळला. “हेच धरा म्हणालो असतो. लाज वाटली नसती मला.”

“मग भांडलो असतो आपण. तिथेच, सगळ्यांसमोर.”

“हो. भांडायला हवं होतं.”

माफी कुणी मागितली नाही. थोरल्याच्या ओठांपर्यंत आली होती, पण एवढ्या वर्षांच्या गोष्टीला तो शब्द फारच तोकडा वाटला. धाकटा दोन दिवस राहिला, आईची भांडी वाटून घेतली, आणि जाताना म्हणाला, “डोळे दाखव कुणाला तरी. खरंच सांगतोय, मी स्वतः.”

डोळे खरंच गेलेच होते म्हणायचे. चांगला दवाखाना धाकट्याच्याच शहरात होता. तेव्हा पुढच्या वर्षी थोरला पहिल्यांदा भावाच्या घरी गेला आणि डोळ्याचं ऑपरेशन करून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्या पुढच्या खोलीत पडून राहिला. नेमका चषकाचा अंतिम सामना त्या आठवड्यात आला. टीव्ही लावायचा की नाही यावर घरात बरीच कुजबुज झाली, ती पट्टीआडून त्याला सगळी ऐकू आली.

“लाव की,” तोच म्हणाला. “मला काय दिसणार आहे?”

धाकटा शेजारी खुर्ची घेऊन बसला आणि सांगू लागला. डावीकडून गेला, आत घातला, अरे मार ना, नाही मारला, गाढव आहे. वडील जेवताना सांगायचे तोच सूर. थोरल्याने मध्येच विचारलं, “बचावाला कोण आहे? फार पुढे येतोय का?” “येतोय. तुझ्यासारखाच आहे, कुणाला विचारत नाही.” दोघंही थबकले. मग थोरला हसला, पण पट्टीखाली डोळे चुरचुरले आणि हसणं आवरावं लागलं.

सामना बरोबरीत सुटला. त्या नाण्याच्या जागी आलेल्या पेनल्टी सुरू झाल्या. धाकट्याचा आवाज बंद झाला. खुर्ची मागे सरकल्याचं थोरल्याला ऐकू आलं, मग दार, मग बाहेर नळ सोडून बादली भरल्याचा आवाज. बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच होता. टीव्हीवर लोक ओरडत होते, थांबत होते, पुन्हा ओरडत होते. थोरला उशीवर मान टेकून पडून राहिला. त्याने हाक मारली नाही. काय म्हणून मारायची? तिथे काही बोलण्यासारखं नव्हतंच, आणि होतं ते बोलून झालं होतं.

शेवटी नळ बंद झाला. धाकटा दारात येऊन उभा राहिला.

“कोण जिंकलं?” त्याने विचारलं.

“मी बघितलं नाही बाबा,” थोरला म्हणाला.

धाकटा आत आला, टीव्ही बंद केला, आणि भावाच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती म्हणून पट्टी सोडायला बसला. बोटं गार होती, ओली होती. “वर बघ,” तो म्हणाला. “आणि हलू नकोस.”